सहा नंबर गेला

एमलिन प्रॉसरने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या. एक, घोड्यावर बसणं, आणि दुसरी, घोड्यावर कधीही न बसलेल्यांना तुच्छ लेखणं. पहिली त्याच्या गुडघ्याने एकोणचाळिसाव्या वर्षी बंद पाडली. दुसरी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही ऐन भरात होती, आणि गेलं दीड वर्ष तिला खुराक कमी पडला नव्हता.

हा खुराक म्हणजे क्रिस्पिन. लंडनच्या कुठल्याशा बँकेतून आलेला, तिशीतला, कोऱ्या करकरीत गमबुटांत वावरणारा. वेनब्रुकच्या रेसकोर्सला लागून मिसेस ग्विलियमचं मेंढ्यांचं शेत होतं, टेकडीच्या उतारावर. त्या शेतात क्रिस्पिनची बिनखिडक्यांची व्हॅन उभी असे. रेसकोर्सवाल्यांनी फुकट्यांना शर्यत दिसू नये म्हणून कडेने पॉपलरची झाडं लावली होती. क्रिस्पिनने त्यांच्या वरून ड्रोन पाठवला.

युक्ती अशी की टीव्हीवरचं चित्र घरोघरी पोचायला चारपाच सेकंद लागतात, ड्रोनचं चित्र व्हॅनमध्ये लागलीच येतं. शर्यत चालू असतानाही लोक पैसे लावत असतात. घोडा इथे चिखलात पालथा पडलेला असतो, आणि लीड्समधला एखादा बिचारा सोफ्यावर बसून अजून त्याच्यावर पैसे लावत असतो. घोडा हरणार अशी उलटी पैज लावून ते पैसे क्रिस्पिन घेई. त्याच्या फोनवर कान लावून बसलेली त्याच्यासारखीच दहाबारा माणसंही घेत. यात कर्तबगारी काय, ते एमलिनला आजवर कळलं नव्हतं. कोणी मेल्याची बातमी दुसऱ्याच्या आधी कळणं याला त्याच्या गावात कोणी अक्कल म्हणत नसे.

पण क्रिस्पिनला घोडा कळत नव्हता. कोणता दमलाय, कोणत्याने उडी चुकीच्या पावलावर घेतली, हे वरून बघून सांगायला माणूस हवा होता. म्हणून एमलिन. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक, आणि नंबर ओरडायचे. मुलीला त्याने सांगितलं होतं की तो लडलो गावातल्या एका गॅरेजसाठी सुटे भाग पोचवतो.

मुलगी कॅरिस, बावीस वर्षांची, अडथळ्यांच्या शर्यतींत नुकती बसू लागलेली जॉकी. गेल्याच रविवारी जेवताना ड्रोनवाल्यांचा विषय निघाला, तेव्हा ती बटाटा काट्याला टोचून म्हणाली होती, "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले. आम्ही पडतो आणि हे टाळ्या वाजवतात."

"हो ना," असं म्हणून एमलिनने रश्श्याचं भांडं पुढे सरकवलं होतं.

त्या बुधवारी दुपारी मिसेस ग्विलियम भाडं घ्यायला व्हॅनशी आल्या. हातात काठी, मागे कुत्रा.

"रेसकोर्सच्या मॅनेजरचा फोन होता," त्या म्हणाल्या. "म्हणे तुमच्या शेतातून चोरी चालते. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या माडीवरच्या खोल्यांत लॅपटॉप घेऊन जे पैजा लावत बसतात त्यांचं भाडं तू घेतोस, माझ्या चिखलाचं मी घेते. चोरीचं भाडं तुझंच महाग आहे."

क्रिस्पिन हसला. "तुम्ही फार गोड आहात, मिसेस ग्विलियम."

"गोड नाही. विधवा आहे," त्या म्हणाल्या, पाकीट कोटात घातलं आणि एमलिनकडे वळल्या. "आणि तू रे, प्रॉसर? हे तरी परके आहेत. तू तर इथला."

एमलिनने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

तिसरी शर्यत तीन मैलांची, दोन फेऱ्यांची. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना पडद्यावर ओळ आली: सहा नंबर, ब्रॅम्बल जॅक, जॉकी बदलला, सी. प्रॉसर. ठरलेला जॉकी आदल्या शर्यतीत हात मोडून घेऊन बसला होता. एमलिनने ती ओळ पुन्हा वाचली. ब्रॅम्बल जॅकला तो ओळखत होता. घाईचं जनावर, अडथळ्याकडे बघतच नसे.

"प्रॉसर?" ड्रोन चालवणारा डॅरेन म्हणाला. "तुझं कोणी?"

"आमच्याकडे प्रॉसर पैशाला पासरी मिळतात," एमलिन म्हणाला.

शर्यत सुटली. पहिले चार अडथळे नीट गेले. पाचवा पॉपलरच्या मागच्या अंगाला, पुढे चर असलेला. ब्रॅम्बल जॅक त्याच्याकडे निघाला तेव्हा तीन पावलं आधीच एमलिनला दिसलं की हा चुकणार. आणि त्याच्या तोंडाने, दीड वर्षाच्या सवयीने, त्याला न विचारता काम केलं.

"सहा गेला!"

घोड्याचे पुढचे पाय अडथळ्यात रुतले. निळ्या टोपीतली कॅरिस हवेतून गेली, जमिनीवर आपटली, गडगडली, थांबली.

"सुंदर!" क्रिस्पिनची बोटं चालत होती. "एकाला साडेपाचच्या भावाने अजून लावतायत, गाढवं! घेतलं, घेतलं, सगळं घेतलं! एमलिन, तू सोन्याचा आहेस. अडथळ्याच्या आधीच ओरडलास!"

कॅमेरा घोड्यांच्या मागे पुढे निघून गेला होता.

"डॅरेन, मागे फिरव," एमलिन म्हणाला. "तिच्यावर ने. एकदाच."

"कॅमेरा घोड्यांवर," क्रिस्पिन म्हणाला.

"ती माझी मुलगी आहे."

डॅरेनने क्रिस्पिनकडे पाहिलं. क्रिस्पिनने पडद्याकडे पाहिलं, कारण तो तिकडेच बघत असे.

"मागे अँब्युलन्स धावत असते ना? मग झालं तर," तो म्हणाला. "शर्यत संपू दे, मग हवं तेवढं दाखवेल डॅरेन. चार मिनिटांचा प्रश्न आहे. तुझ्या त्या गुडघ्याने तिथे जाणार कधी?"

एमलिन उठला होता. दाराच्या कडीवर हात होता. पण घोडे दुसऱ्या फेरीला त्याच अडथळ्याकडे येणार होते, आणि तेव्हा पडद्यावर ती दिसली असती, उभी की आडवी. पायी गेल्यापेक्षा ते लवकर होतं. हा हिशेब बरोबर होता, आणि एमलिन परत बसला. त्या बसण्याबद्दल त्याने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या फेरीत दोन नंबरची करडी घोडी एकटीच पुढे निघाली. बाकीचे पंधरावीस घोड्यांच्या लांबीइतके मागे.

"फक्त करडीवर ठेव," क्रिस्पिन म्हणाला. "जवळून. मला तिचे कान दिसले पाहिजेत." तिच्या कानांवरून त्याला काय कळणार होतं देव जाणे.

पडद्यावर घोडी आणि घोडीच. पाचवा अडथळा आला. एमलिन चित्राच्या कडेला डोळे लावून बसला. आणि त्याला कडेला, जेमतेम अर्धा सेकंद, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं निशाण दिसलं. कोणीतरी ते जोरजोराने हलवत होतं.

त्याला सगळं समजलं. अडथळ्यापलीकडे कोणी जायबंदी पडलेलं असलं आणि हलवता येत नसलं की हे निशाण दाखवतात. मग सगळ्यांनी तो अडथळा सोडून बाजूने जायचं. पहिल्याच महिन्यात तो हे क्रिस्पिनला समजावून सांगू लागला होता, तर कसल्याशा डब्यातला गार भात खाता खाता क्रिस्पिन म्हणाला होता, "इतिहास नको रे, म्हातारबा. नंबर सांग."

म्हणजे कॅरिस अजून जमिनीवर होती.

करडी घोडी अडथळ्याच्या बाजूने वळसा घालून गेली.

"चुकवला!" क्रिस्पिन खुर्चीतून उडाला. "अडथळा चुकवला! बाद! करडी बाद!" फोनवरच्या मंडळींनाही त्याने तेच ओरडून सांगितलं, आणि कीबोर्डवर तुटून पडला. पहिल्या नंबरवर पळणारी घोडी, सारा देश तिच्यावर पैसे लावतोय, आणि ती बाद झाल्याचं फक्त याला माहीत. असं घबाड पुन्हा कधी मिळणार? "एमलिन! बाद ना? बोल की!"

एमलिन त्याच्याकडे बघत होता. त्याला हवं असतं तर तीन शब्द पुरले असते.

"पडदा तुझ्यापुढेच आहे," तो म्हणाला.

क्रिस्पिनने करडीच्या विरुद्ध होतं नव्हतं ते घातलं. मग दुसरा घोडा आला आणि अडथळ्याच्या बाजूने गेला. मग तिसरा गेला. मग उरलेले सगळे, शाळेतल्या पोरांसारखे ओळीने, त्याच बाजूने गेले. टीव्हीच्या उशिरा येणाऱ्या चित्रावर खेळणाऱ्या एखाद्या आजीबाईलाही तोवर उमगलं असतं. चार सेकंद पुढे असलेल्या क्रिस्पिनकडे थांबायला तेवढे चार सेकंद नव्हते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

करडी बावीस घोड्यांच्या लांबीने जिंकली. फोनमधून एकदम खूप माणसं किंचाळू लागली.

"तुला माहीत होतं," क्रिस्पिन म्हणाला. चेहरा मेणासारखा झाला होता. "तू बोलला का नाहीस?"

"इतिहास नको म्हणाला होतास."

त्या क्षणाचा आनंद एमलिनला पुरता घेताही आला नाही. तो दार ढकलून उतारावरून निघाला होता. मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगल्या. गुडघा प्रत्येक पावलाला शिव्या देत होता. काटेरी कुंपणात बाही फाटली, पॉपलरच्या रांगेतून तो पलीकडे निघाला, तिथे एका रखवालदाराने अडवलं. "बाप आहे मी तिचा," असं म्हणत तो त्याला ओलांडून गेला.

आडोशाला लावलेल्या हिरव्या पडद्यांच्या आत ती उताणी होती. मानेला पट्टा, अंगावर ब्लँकेट. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून तिचे तळवे टोचत होत्या.

"लागतंय?"

"लागतंय ना! किती वेळा टोचाल?" कॅरिस म्हणाली.

एमलिन तिथेच चिखलात बसला. जिवंत होती, पाय शाबूत होते, खांद्याचं हाड तेवढं गेलं होतं. हाड काय, त्याची स्वतःची अकरा गेली होती. तो रडत होता आणि त्याची त्याला पर्वा नव्हती.

"डॅड?" मान वळवता येत नव्हती, तिने नुसते डोळे वळवले. "तू? तू लडलोला होतास ना?"

"मी... इथून जात होतो."

वर घरघर आली. डॅरेनने, उशिरा का होईना, ड्रोन मागे आणला होता. तो त्यांच्या बरोब्बर डोक्यावर थांबला, एमलिनने मागितला होता तसा. कॅरिसने त्याच्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. फाटलेली बाही, बुटांना मेंढ्यांच्या लेंड्या, आणि गळ्यात लोंबणारा हेडफोन, माइकसकट.

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी धरली होती.

"किती भाव होता माझा?" तिने विचारलं. "पडले तेव्हा."

"साडेपाच," एमलिन म्हणाला.

कोणीही नंबर विचारावा आणि त्याने सांगावा, तसं ते तोंडातून निघालं होतं. परत घ्यायला तो तोंड उघडेपर्यंत तिने डोळे मिटले होते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "या माणसाला बाहेर न्यायला सांगा. इथे घोड्यांशी संबंध असलेल्यांनाच सोडतात."