सकाळचा काटा

त्या मंगळवारी सकाळी पत्रीपुलाच्या चढावर एका रिक्षाने आम्हाला मागे टाकलं, तेव्हा आमच्या गाडीचा काटा एकशे दहावर होता.

"हरिहरराव, आपण ताशी एकशे दहाने चाललोय," सुहासिनीताई म्हणाल्या.

"मग रिक्षा किती असेल?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, हे त्यांना विनोद म्हणून ऐकू गेलं असणार. मला खरंच अंदाज बांधायचा होता.

सुहासिनीताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेतून निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांनी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल रंग, दोनच माणसांची जागा, मागे दुमडणारं कापडी छत. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. सोसायटीतली मुलं तिला टोमॅटो म्हणतात. डोंबिवलीच्या रस्त्यांवर ती गाडी म्हणजे भाजीबाजारात पैठणी नेसून गेल्यासारखं दिसतं, पण ताईंना त्याचं काही वाटत नाही. डोक्याला रुमाल बांधून त्या रोज सकाळी एक फेरी मारून येतात.

मला गाडी चालवता येत नाही. तरी शेजारच्या जागेवर मी असतो, त्याला कारण मागचा मे महिना. गाडीतून चीं चीं असा आवाज यायचा आणि तो मी थांबवला होता. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाला 'हाताची कामं जमणारा' असं कुणी म्हणेल, हे स्वप्नातही नव्हतं. ताईंनी ते सोसायटीच्या सभेत म्हटलं. तेव्हापासून गाडीचं माहितीपुस्तक माझ्याकडे असतं आणि मी ताईंच्या बाजूला.

तर आम्ही कल्याणला चाललो होतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. आरटीओच्या मैदानावर साडेआठची वेळ मिळाली होती. निरीक्षक साहेब टोमॅटोत बसले, एक चक्कर मारली, उतरले आणि ताईंकडे जरा काळजीने बघून म्हणाले, "बाई, मैदानात मी ताशी पंचाण्णवने फिरलो."

कागदावर त्यांनी 'वेगमापक सदोष' लिहिलं आणि पुढच्या मंगळवारची तीच वेळ दिली. बाकी सगळं ठीक होतं.

परतताना ठाकुर्लीपाशी ताई म्हणाल्या, "साकेतला मी शब्द दिलाय. या वेळी पास नाही झाली तर भंगारात द्यायची."

साकेत म्हणजे त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो.

"पण अजून एक मंगळवार आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. शोधा काय ते."



मानपाड्याला सुदेशचं गॅरेज आहे. दहाच्या आधी त्याचं शटर उघडत नाही. आम्ही घरी जाऊन, जेवून, दुपारी तिथे पोचलो. त्याने एक फेरी मारली, मोबाइलवर वेग दाखवणारं काहीतरी लावून.

"काकू, एकदम ओके आहे. मोबाइल चाळीस, काटा चाळीस. साहेबाने सकाळी सकाळी काय बघितलं?"

"अरे, रिक्षा आम्हाला ओव्हरटेक करून गेली."

"रिक्षा सगळ्यांनाच करून जाते."

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर सुदेशचे वडील पेपर वाचत बसलेले. महिपत त्यांचं नाव. दादरला पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे, आता मुलाच्या गॅरेजात दिवस काढतात. ते पेपराच्या वरून एकदा आमच्याकडे बघून परत पेपरात शिरले. अशी माणसं मला लगेच जवळची वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काटा परत शंभरावर. अकराला सुदेशकडे पोचेपर्यंत तो शहाण्यासारखा खाली आलेला. तरी सुदेशने गाडी उचलून चाकं फिरवली, खाली झोपून बघितलं.

"काका, हे बघा," तो मला समजावू लागला. मी तज्ज्ञ आहे असं त्यालाही ताईंनी सांगून ठेवलं होतं. "गिअरबॉक्समधून एक तार निघते, नळीच्या आत. ती फिरते आणि मीटरमधलं चुंबक फिरवते. तिकडे दोन गोष्टी चालतात. एक किलोमीटरचे आकडे, दुसरा काटा. तुमचे आकडे बरोबर पडतायत. म्हणजे तार ठीक, गिअर ठीक. फक्त काटा खोटं बोलतोय. म्हणजे भानगड मीटरमध्ये. पण माझ्यासमोर तो खरं बोलतो, तर मी पकडू कसा?"

मला यंत्रातलं कळत नाही, पण एखाद्या पानावर तीच चूक कुठे कुठे येते ते शोधायला येतं. मी एक वही केली. सुदेशचं ते मोबाइलवरचं माझ्या फोनमध्ये घालून घेतलं. गुरुवार ते शनिवार ताई गाडी चालवत होत्या आणि मी लिहीत होतो. सकाळी सात: फोन अठ्ठावीस, काटा शंभर. नऊ: फोन तीस, काटा साठ. अकरा: फोन तीस, काटा बत्तीस. रात्री परत वर चढायला लागायचा.

"गाडीची नाडी बघताय का?" माझी बायको शीला म्हणाली.

"थंडीचा संबंध आहे," मी म्हटलं. "पण थंडीने काट्याला काय होतं?"

"थंडीने माणसाला काय होतं ते विचारा. अंघोळीचं पाणी गार होतंय."

रविवार होता. मी न्हाणीघरात गेलो, डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली घेतली आणि उलटी धरली. काही पडलं नाही. शीलाचा भाऊ गुहागरहून घाण्याचं तेल पाठवतो, ते थंडीत पांढरं घट्ट होतं. रोज शीला बाटली खिडकीत उन्हाला ठेवते, त्या दिवशी विसरली होती. मी बाटली उलटी धरून किती वेळ उभा होतो मला माहीत नाही.

मे महिन्यात गाडी चीं चीं करत होती तेव्हा सुदेश लग्नासाठी गावी गेलेला. ताई म्हणाल्या, पुस्तकात बघा ना काही. पुस्तकात लिहिलं होतं की मीटरच्या तारेला थोडं हलकं तेल द्यावं. थोडं म्हणजे किती, ते नव्हतं. तेल म्हटल्यावर आमच्या घरात एकच. दाराची बिजागरी, शिवणयंत्र, भेगा पडलेल्या टाचा, सगळ्यांना तेच. मी मीटरमागची तार सोडवली आणि नळीत खोबरेल घातलं. मग पुरेसं गेलं की नाही अशी शंका आली. एकदा वाचून मुद्रितशोधकाचं समाधान होत नाही. मी परत घातलं. मग तिसऱ्यांदाही घातलं.

आवाज थांबला. मे महिन्यात तेल पाण्यासारखं होतं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि टेबलापाशी बसलो. ताईंना तोंडावर सांगणं शक्य नव्हतं, म्हणून पत्र लिहायचं ठरवलं. पहिल्या खर्ड्यात गुहागरच्या तेलाचं वर्णन फार झालं. दुसऱ्यात माझं बालपण आलं. चौथा शीलाने माझ्या हातातून घेऊन वाचला.

"'मी तेल घातलं' एवढंच आहे हे," ती म्हणाली. "वर जा आणि सांगून या. आधी कपडे घाला."

ताईंनी दार उघडलं. हातात गाडीच्या काचेचं फडकं होतं.

"दोष सापडला," मी म्हटलं.

"काय आहे?"

"मी आहे."

मग जमेल तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातातल्या फडक्याची घडी घालत. मोठी, मग लहान, मग आणखी लहान.

"तीनदा का घातलंत?"

"दोनदा घालून खात्री वाटेना."

"आणि टोमॅटो गेली तर साकेतला काय सांगू? डोक्याच्या तेलाने गेली?"

मी मान खाली घातली. सभेतलं ते वाक्य त्या आता परत घेतील, असं मला वाटत होतं. त्या तसं काही बोलल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

"उद्या सुदेशकडे जायचं," म्हणाल्या. "तिथे तुम्ही सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

सोमवारी सांगितलं. सुदेशने तार बाहेर ओढली, तिच्यावर सायीसारखा पांढरा थर. गॅरेजमध्ये ग्रीसच्या वासातून नारळाच्या वडीचा वास पसरला.

"काका, ह्याच्यात करंज्या तळायच्या होत्या काय?"

ताई तोंड उघडणार नव्हत्या, पण एवढ्याला त्यांना हसू आलं. मला जरा बरं वाटलं.

सुदेशने तार आणि नळी रॉकेलमध्ये धुतली. मग मीटर काढून हातात घेतलं, कानाशी हलवलं आणि बाकावर ठेवून दिलं.

"हे मी उघडणार नाही. आत काटा केसाएवढ्या खिळ्यावर बसवलेला असतो. माझा हात पान्याचा. काटा मोडला तर उद्या कल्याणला मीटरच्या जागी भोक घेऊन जाल."

"पण तेल आत गेलंय?" ताईंनी विचारलं.

"गेलं असणार. तारेला पीळ असतो ना, ती फिरता फिरता तेल वर चढवते."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे वहीशिवाय काही नव्हतं. ती मी उगाच उघडली आणि मिटली.

कोपऱ्यात पेपराची घडी पडल्याचा आवाज आला.

"इकडं आण," महिपतराव म्हणाले.

"आबा, नजर जाईल का तुमची?"

"घड्याळापेक्षा दहापट मोठं आहे रे हे."

खुर्चीखालून त्यांनी बिस्किटांचा जुना डबा काढला. दुकान बंद करून सात वर्षं झाली तरी हत्यारं रोज बरोबर आणत होते. डोळ्याला भिंग लावलं, मीटरची कड हळूहळू उचकटली, काटा कुठे टेकलाय तिथे पेन्सिलीचा बारीक ठिपका केला आणि दोन चिमट्यांनी काटा अलगद उचलला.

"हे बघा," त्यांनी मला जवळ बोलावलं. "हे चुंबक आणि ही त्याच्यावरची वाटी. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. चुंबक फिरलं की वाटी जराशी ओढली जाते, तेवढाच काटा हलतो. आता मधे तुमचं तेल. थंडीत ते गोठलं की वाटी चिकटून जास्त ओढली जाते. उन्हं चढली की सुटते."

काडीला कापूस गुंडाळून पेट्रोलने ते पुसत होते. मधेच काडीचा वास घेतला.

"खोबरेल कुठलं?"

"गुहागरचं."

"चांगलं आहे." जरा वेळ काम केलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नवीन लागलो तेव्हा मालकाच्या भिंतीवरच्या घड्याळात मी हेच घातलं होतं. थंडीत रोज वीस मिनिटं मागे पडायचं. महिनाभर कुणाला बोललो नाही."

"मग?"

"मग उन्हाळा आला."

काटा ठिपक्यावर बसवून त्यांनी मीटर सुदेशच्या हातात दिलं. तारेला सुदेशने योग्य ते ग्रीस लावलं, खालच्या भागालाच, तेही बोटावर मावेल इतकं. संध्याकाळच्या फेरीत काटा बरोबर होता. पण दुपार-संध्याकाळ तो आधीही बरोबरच असायचा. खरं काय ते सकाळीच कळणार होतं.

मंगळवारी सातला खाली उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. शीलाने मला मफलर गुंडाळून दिला होता. ताईंनी गाडी सुरू केली. मी फोन मांडीवर धरला.

"किती?" त्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

"फोन बावीस."

"आणि काटा?"

"चोवीस."

पुढच्या चौकात परत विचारलं. फोन तीस, काटा बत्तीस. मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघावंसं वाटत होतं, पण फोन खिशात घातला. पत्रीपुलाच्या चढावर एक रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली.

मैदानावर तेच साहेब होते. टोमॅटोत बसले, चक्कर मारली, मग आणखी एक मारली. उतरून कागद काढला.

"काय बदललंत?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मागे चार गाड्यांची माणसं उभी होती.

"साहेब," मी म्हटलं, "तारेत मी तेल घातलं होतं. खोबरेल. ते काढलं."

त्यांचं पेन थांबलं. "डोक्याला लावतात ते?"

"हो."

त्यांनी माझ्या विरळ केसांकडे बघितलं आणि लिहू लागले. 'वेगमापक ठीक.' खाली सही. पाच वर्षांची नोंदणी.

ताईंनी मैदानाबाहेर येईपर्यंत धीर धरला. मग साकेतला फोन लावून एवढंच म्हणाल्या, "पास. जेवलास का?"

परतताना त्यांनी शीळ रोड घेतला, मानपाड्याला महिपतरावांना सांगायचं होतं म्हणून. रस्ता रुंद आणि त्या वेळी मोकळा होता. छत मागे दुमडलेलं, माझा मफलर उडत होता. चाळीस, पन्नास. मग साठ.

"ताई, सत्तर झाले," मी म्हटलं.

"दिसतंय की. मागच्या मंगळवारी एकशे दहाला मस्त बसला होतात."

"तेव्हा काटा खोटा होता."

"आणि आता?"

मी दोन्ही हातांनी दाराची कड धरली. आता तो खरा होता, ही खात्री मला एकदाच बघून पटली होती.