उतू न गेलेलं दूध

देवदत्तांनी महाराजपूरला प्लॉट घेतला, घराचा नकाशाही हौसेनं काढला, पण घर काही उभं राहिलं नाही. त्यांच्या पत्नीचा, कुंदाताईंचा, सगळा संसार फॅक्टरीच्या क्वार्टरमध्येच झाला. स्वतःच्या घरात शिरताना चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घराला बरकत येते, ही त्यांची एकच हौस. ती राहून गेली ती गेलीच.

देवदत्त वारले तेव्हा कुंदाताईंनी प्लॉट विकला आणि पैसे तिथल्या मराठी मंडळाला दिले. मंडळ बरगीकडच्या हिंदी बोलणाऱ्या खेड्यांत गरिबांना पक्की घरं बांधून देतं. घर देवदत्तांच्या नकाशाबरहुकूम व्हावं आणि पहिलं दूध आपल्या हातून उतू जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. देणाऱ्याला नाही कोण म्हणणार?

घर मिळालं नंदाला. दोन पोरी घेऊन ती इतके दिवस ताडपत्रीखाली राहत होती. गृहप्रवेशाला मंडळातल्या मंडळींबरोबर कुंदाताई सून विनीताला घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात नकाशातला उंच ओटा होता, ओट्यावर खिडकी होती. नंदानं मात्र ओट्यावर सरपण रचलं होतं आणि कोपऱ्यात जमिनीवर चूल मांडली होती. कुंदाताईंना ते झोंबलं. तरी त्या गुडघे धरत चुलीपाशी बसल्या आणि घरून आणलेलं पितळी पातेलं चढवलं.

दूध वर येऊ लागलं. एवढ्यात नंदानं पदरानं धरून पातेलं झटकन उतरवलं.

विनीता म्हणाली, "अरे दीदी, हे काहून केलं? दूध गिराना ही था."

नंदा बावरली. "दूध को कोई गिरने देता है?"

चूक मंडळींचीच होती. आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट तिला सांगायची कुणाला सुचलीच नव्हती. पुन्हा चढवू या, असं विनीतानं सुचवलं. कुंदाताईंना संताप आला होता, रडूही येत होतं. जन्मभर थांबलेला क्षण या बाईनं उचलून खाली ठेवला होता. पण पातेल्याकडे बघणाऱ्या पोरी त्यांना दिसल्या, आणि क्वार्टरमधल्या गॅसपाशी पहारा देणारी स्वतःची मूर्तीही आठवली. दूध उतू गेलं तर दिवसभर हळहळायच्या त्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

नंदानं गोधडी अंथरली आणि पहिला पेला त्यांच्यापुढे धरला. "पहले आप, अम्मा. आप हमारे घर आई हैं."

कुंदाताईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी देवदत्तांची, ओटा देवदत्तांचा, आणि पाहुण्या आपण. पेला त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. मग दूध प्यायल्या. चांगलं गोड होतं.

निघताना विनीता पातेलं उचलायला गेली, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. उंबऱ्यापाशी चप्पल घालून त्या वळल्या आणि पाहुणीनं म्हणावं तसं म्हणाल्या, "येते हं, नंदा."