नावे घातलेली भांडी

धाकट्या दिराच्या, मधूच्या मुंजीसाठी मोठी भांडी हवीत म्हणून माझ्या पाटल्या मोडायचे ठरले. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहायचो. इकडच्या स्वारीची नोकरी रेल्वेत. मागच्या दोन्ही कार्यांना नवी भांडी घेतली होती.

"ती गेली कुठे?" मी विचारले.

"घरातच असतील. सापडतील तेव्हा खरे," सासूबाई म्हणाल्या.

"मला चार दिवस द्या."

पदर खोचला आणि माळा, कोठीची खोली, न्हाणीमागची अडगळ, सगळे अंगणात काढले. चुलीपुढच्या राखेत गिरवून शिकलेली माझी अक्षरे. तरी भांड्यांवरचे एकेक नाव लावून वाचले. अकरा भांडी शेजाऱ्यांची निघाली! ती पोचवली आणि त्यांच्या माळ्यांवरून आमची चौदा आणली.

"अगं बाई, घंगाळ लेल्यांकडे? मी आठ वर्षे चोराला शिव्या घालतेय!" सासूबाई म्हणाल्या.

तांबटाकडे जायची गरजच उरली नाही.

मुंजीत सासूबाई भेटेल तिला सांगत होत्या, "आमच्या सूनबाईंना वाचता येते हो!" मी पुस्तक उघडले की याच मला तांदूळ निवडायला बसवायच्या, हे मी बोलले नाही. पंगतीत वाढताना पाटल्या मात्र जरा जास्तच वाजवल्या.