सात नंबरची पेटी सभागृहात

आधी माझ्यावरून उठा बघू. खुर्च्या कमी पडल्या का तुम्हाला? हं, आता कसं! मी लसीची पेटी आहे. निळं अंग, पांढरं झाकण, खांद्याला अडकवायचा, आता तुटलेला पट्टा आणि पाठीवर सातचा आकडा. देशाच्या सभागृहाच्या कामकाजात जिचा नंबर छापून आलाय ती पेटी मीच. तेव्हा बोलण्यात थोडी फुशारकी येणार, ती तुम्हाला ऐकून घ्यावी लागेल.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या दोन भिंतींच्या मधे फेस ओतला, तो फुगला आणि घट्ट बसला. तपासणीला एक कडक बाई होती. तिने माझं झाकण तीनदा दाबून पाहिलं, मला उलटी केली, हलवली आणि म्हणाली, "ही थंडी सोडायची नाही." मग पाठीवर सात नंबर मारला. मला मान नाही, पण असती तर त्या दिवसापासून ताठच राहिली असती.

मला पाठवलं एका लहान गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात. पुढे अंगणात गुरं उभी करायचा लोखंडी खोडा, आत औषधांची खोली आणि कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. तिथे माणसं दोनच. कंपाउंडरकाका तीस वर्षांचे मुरलेले, सगळं सावकाश करणारे. आणि नुकतीच नोकरीला लागलेली डॉक्टरबाई, भरभर चालणारी, भरभर जेवणारी आणि चहा थंड होईपर्यंत थांबायचाही धीर नसलेली. दोघांचं दिवसभर काहीतरी चालायचं. पण एकमेकांवाचून पानही हलत नसे.

माझं काम सोपं वाटतं, पण सोपं नाही हो. लसीला ऊन सोसत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तिला गोठणंही सोसत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. लाळ-खुरकतीची लस एकदा गोठली की संपली, मग ती टोचली काय आणि पाणी टोचलं काय! म्हणून फ्रीजरमधले आईसपॅक काढल्या काढल्या माझ्यात भरायचे नसतात. ते टेबलावर ठेवायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, आणि हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं तरच भरायचे. काका एकेक पॅक कानाला लावून हलवायचे, जणू कुणाचा फोनच आलाय. डॉक्टरबाई हसायच्या. "काय म्हणतोय हो काका?" काका म्हणायचे, "अजून पाच मिनिटं म्हणतोय."

मग तो दिवस आला. सहा वस्त्या करायच्या होत्या, उशीर झाला होता, बाहेर जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. काकांनी पॅक कानाला लावला. "बाई, खुळखुळत नाही अजून."

"काका, तुमच्या खुळखुळीत दुपार होईल! भरा तसेच. उन्हात जायचंय, जास्त थंड असलेलं बरंच की."

काका एकदाच बोलले, पुन्हा बोलले नाहीत. आणि मी? मला तर बाईंचं अगदी पटलं. थंडी सोडायची नाही, हाच माझा अभिमान! मी जिवाच्या आकांताने ती थंडी धरून ठेवली. आज सांगताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

वरच्या वस्तीवर माझं झाकण उघडलं तेव्हा बाटलीवर बर्फ धरला होता. बाईंनी ती तळहातात धरून ऊब दिली. आत पांढरा साका खाली बसला होता. त्यांनी बाटली हलवली, पुन्हा हलवली आणि क्षणभर थांबल्या. पुस्तकात वाचलेलं सगळं त्यांना आठवलं असणार. पण समोर सकाळपासून बांधून ठेवलेली साठ जनावरं होती, माणसं ताटकळली होती. "चला, सुरू करा," त्या म्हणाल्या.

चाळीस दिवसांनी त्याच वस्तीवर लाळ-खुरकत आली. पहिली आली ती मावशींच्या गोठ्यात. या मावशी म्हणजे अकरा गाईंचा गोठा एकटीने सांभाळणारी, तोंडाने फटकळ, हाताने मायाळू बाई. गोठा इतका लख्ख की मी जमिनीवर ठेवली तरी माझ्या बुडाला माती लागत नसे. गाईंच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, खुरांत जखमा झाल्या होत्या. दोन दिवसांत चार वासरं गेली.

मावशींनी विचारलं, "डॉक्टरबाई, तुमची सुई लागली होती ना माझ्या गुरांना? मग असं का झालं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

वरच्या कार्यालयातून साहेब आले. त्यांच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. साहेबांनी गोठ्यात पाऊलही न टाकता लिहिलं, 'मालकाने स्वच्छता राखली नाही.' आणि म्हणाले, "करा सही. लसीत दोष दाखवलात तर चौकशी तुमची होईल." बाई चोवीस वर्षांच्या होत्या. घाबरल्या. सही केली.

त्या एका ओळीने मावशींचं काय झालं ते मी पाहिलंय. रोग त्यांच्याच घाणीतून आला असं वस्तीने ठरवून टाकलं. त्यांच्या गोठ्यावरून कुणी गुरं नेईना. शेजारीच राहणाऱ्या सख्ख्या जावेने बोलणं टाकलं. आधीही रोज झाडणाऱ्या मावशी आता गोठा दिवसातून चारदा झाडायला लागल्या.

डॉक्टरबाईंची घाई मात्र त्या दिवशी संपली ती कायमची. पुढची बारा वर्षं प्रत्येक आईसपॅक त्यांनी स्वतः कानाला लावला. मावशींच्या वस्तीवर गेल्या की काम आटपायच्या आणि मान खाली घालून परत यायच्या. सांगायचं खूप होतं, पण धीर होत नव्हता.

मग त्या खासदारकीच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. लोक म्हणाले, "गुरांची डॉक्टर तिथे जाऊन काय करणार?" बाई म्हणाल्या, "खोड्यात उभं करायला तिथेही बरेच सापडतील." लोक हसले, आणि मतंही दिली की! निघताना त्यांनी दवाखान्यातून एकच गोष्ट मागून घेतली. माझा पट्टा तुटला होता, मला भंगारात काढायचंच होतं. त्यांनी मला राजधानीतल्या कचेरीत नेऊन टेबलापाशी ठेवलं. तेव्हापासून येणारा-जाणारा माझ्यावर बसतो, त्याला इलाज नाही.

खासदार झाल्यावरही बाई गुरांचंच बोलत राहिल्या. दवाखान्यात डॉक्टर नाही, प्रश्न विचार. चाऱ्याच्या बियाण्यात खोट, प्रश्न विचार. कंटाळून एक सदस्य म्हणाले, "बाई, कधी माणसांचंही बोला." बाई म्हणाल्या, "सकाळच्या चहात दूध घालता ना? मग तुमचंच बोलतेय." ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आता मी प्लॅस्टिकची आहे, तो भाग वेगळा.

तिसऱ्या वर्षी पशुआरोग्य विधेयक आलं. चांगलं होतं, बाईंनी समितीत बसून त्यावर महिनोन् महिने घाम गाळला होता. पण त्यात एकोणिसावं कलम नवीन घुसलं होतं. ज्याच्या गोठ्यात रोग आधी दिसेल तो मालक दोषी धरायचा आणि त्याचा दूध विकायचा परवाना काढून घ्यायचा. बाईंनी ते वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. गावोगावच्या मावशींवर आता कायद्यानेच बोट ठेवलं जाणार होतं.

त्यांनी दुरुस्ती लिहिली. मालकाला दोष देण्याआधी लसीचा सगळा प्रवास तपासायचा. प्रत्येक पेटीत तापमान नोंदणारं यंत्र हवं. आणि सुई लावण्याआधी पेटी उघडून बघायचा हक्क मालकाला हवा.

मंत्री तसे वाईट नव्हते. समितीच्या खोलीत त्यांनी सरळ सांगितलं, "लस गोठून रोग आल्याचं देशात एक तरी प्रकरण नोंदलंय का? एक दाखवा, मी तुमची दुरुस्ती मान्य करतो. नाहीतर एकोणीस आहे तसंच राहील."

दोन महिने बाई फायली उपसत होत्या. एकही सापडलं नाही. जिकडे तिकडे मालकाचीच चूक! सापडणार कसं? कुणी लिहिलंच नव्हतं. त्यांनीही नव्हतं लिहिलं.

शेवटी त्यांनी काकांना फोन लावला. काका केव्हाच निवृत्त झाले होते. "काका, सांगून टाकू का सगळ्यांसमोर? लोक पुन्हा निवडून देणार नाहीत बहुतेक."

काका म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी एकदाच बोललो. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. सांगणार असाल तर माझंही सांगा."

पण सभागृहाच्या आधी बाई गेल्या मावशींकडे. मलाही घेऊन गेल्या. मावशी थकल्या होत्या, गोठ्यात आता चारच गाई होत्या, पण जमीन तशीच लख्ख. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आईसपॅक, बाटलीवरचा बर्फ, ती सही. मावशी ऐकता ऐकता माझ्यावर बसल्या. त्या दिवशी मी तक्रार केली नाही.

"चौदा वर्षं," मावशी म्हणाल्या. "चौदा वर्षं मी मलाच विचारतेय, माझं कुठे चुकलं. कुठला कोपरा झाडायचा राहिला. आणि तू दर वर्षी येत होतीस, माझ्यासमोर उभी राहत होतीस."

"मावशी, मी…"

"थांब. माफ केलं असं मी म्हणणार नाही. एवढी मोठी नाही मी." त्यांनी पदराने डोळे पुसले. "पण जे मला सांगितलंस ते तिथे सांग. माझं नाव घेऊन सांग. त्या बाईचा गोठा स्वच्छ होता म्हणून सांग."

सभागृहात मला आत सोडलं नाही. तिथे वस्तू न्यायला बंदी असते. दारावरच्या रखवालदाराने झाकण उघडून पाहिलं. "रिकामी पेटी कशाला आणली, बाई?"

"सोबतीला," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रखवालदाराच्या टेबलावर टीव्ही होता. मी त्याच्या पायाशी, पण दिसत-ऐकू सगळं येत होतं. एकोणिसावं कलम चर्चेला आलं. बाई उभ्या राहिल्या. "मंत्रिमहोदयांनी एक प्रकरण मागितलं होतं. ते मी आणलंय. पेटी नंबर सात. लस गोठवणारी डॉक्टर मी. खोट्या कारणाखाली सही करणारीही मीच." मग त्यांनी मावशींचं पूर्ण नाव घेतलं आणि सांगितलं, "या बाईंचा गोठा मी पाहिलेल्या सगळ्या गोठ्यांत स्वच्छ होता. दोष यांचा नव्हता. माझा होता. एकोणिसावं कलम असंच राहिलं तर मी जे एकदा केलं ते हा कायदा रोज करील."

मागून कुणी तरी ओरडलं, "राजीनामा द्या!" अध्यक्षांनी टेबल वाजवलं. बाई खाली बसल्या नाहीत. "तो मागायचा तर जरूर मागा," त्या म्हणाल्या, "पण आधी दुरुस्तीवर मत द्या."

मंत्री उठले. कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "मी एक मागितलं होतं. यांनी दिलं. दुरुस्ती मान्य." मग होयचा असा आवाज उठला की टीव्ही फाटतो की काय! रखवालदाराने वाकून माझ्या पाठीवरचा आकडा पाहिला. "अरेच्चा, तूच होय ती!" तो म्हणाला आणि मला उचलून चक्क टेबलावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर कुणी बसण्याऐवजी मी कुणाच्या तरी शेजारी बसले. विचारा माझा अभिमान!

बाईंची चौकशी झाली, त्यांच्यावर ठपका आला. पेपरांत उलटसुलट छापून आलं. पुढच्या निवडणुकीचं काय होईल, मला माहीत नाही. पण कायदा झाला. आणि त्यानंतरच्या पहिल्या लसीकरणाला बाई मला घेऊन त्याच वस्तीवर गेल्या.

नवा डॉक्टर आला होता, नवी कोरी पेटी खांद्याला लावून. भरभर चालत होता. मावशी गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. शेजारी जाऊही होती, दोघी जवळजवळ उभ्या होत्या.

"आधी पेटी उघड," मावशी म्हणाल्या.

"मावशी, उशीर होतोय हो, अजून पाच वस्त्या…"

"माझा हक्क आहे तो. कायद्यात लिहिलाय."

त्याने झाकण उघडलं, यंत्रावरचा आकडा दाखवला. मावशींचं तेवढ्यावर समाधान होईना. त्यांनी एक आईसपॅक उचलला, कानाला लावला आणि हलवला.

खुळखुळ.

मावशींनी मान वळवून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "ये गं. तूही आत ये. चहा टाकते."