सुतकातली चूल

मालकांना पोचवून माणसं परत आली तेव्हा कडू घास जाऊबाईंनीच आणला. आमच्याकडे मयताच्या घरात तेरवीपर्यंत चूल पेटत नाही, भाऊबंदांच्या घरून ताट येतं. माझे भासरे पुंजाजी, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, यांच्या घरून ते रोज वेळेवर येत होतं. जिवंतपणी दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावायचे, आणि आता ही माया! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण भुकेला अक्कल कुठली?

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेजारचे रहेमतुल्ला दाराबाहेर येऊन उभे राहिले. मालकांचे ते जुने सोबती.

"भाभी, उद्या नायब तहसीलदार येऊन राह्यले, वारसाची चौकशी कराले. पुंजाजीनं चावडीवर सांगतलं, आमचं घर एकत्रच हाये."

"मंग?"

"मंग कायद्यानं शेत भावाले. तुमाले निस्तं अन्नवस्त्र."

वाटणी झाली होती, पण तोंडी. पंच दोघे होते. एक वारला आणि दुसरा पुंजाजींच्या ओसरीवर बसून त्यांचीच विडी ओढतो.

"कागद नसला का साहेब एकच इचारते," रहेमतुल्ला म्हणाले. "चूल एक का दोन."

मी चुलीकडे पाहिलं. आत थंड राख होती. रोजच्या ताटाचा अर्थ तेव्हा कळला: मी त्यांच्या घरची भाकर खाते, म्हणजे चूल एकच. चूल पेटवावी तर सुतक मोडलं म्हणून गाव तोंडावर थुंकणार, माझ्या लेकीला, आशाला उद्या कोण सून करून घेणार? न पेटवावी तर भासऱ्यांच्या दारात जन्मभर भाकरीसाठी हात पसरायचा. इकडे आड, तिकडे विहीर. मी पेटवली नाही. भ्याले.

दुसऱ्या दिवशी साहेब घरीच आले. मागे पटवारी, त्यामागे पुंजाजी आणि अर्धं गाव. नेमक्या त्याच वेळी जाऊबाई ताट घेऊन आल्या. तेही ठरवलेलंच असणार.

"पाहा साहेब," पुंजाजी म्हणाले, "थंडी चूल. माह्याच घरची भाकर खाते. इचारा तिले."

"बाई, हे ताट कुणाच्या घरचं?" साहेबांनी विचारलं.

भासऱ्यांसमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं.

"भासऱ्यायच्या," मी पदराआडून म्हणाले. खोटं कसं बोलणार, ताट समोर होतं. पटवाऱ्यानं दौतीत टाक बुडवला. पुंजाजींचा राग आला, आणि कागद न करता निघून गेलेल्या माणसाचा त्याहून जास्त आला. ताटातल्या पिठल्याची वाफ अजून निघत होती. ती पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"साहेब, माह्या घरी मयत झाली म्हून माही चूल इझली. घर एकच असतं त मयत त्यायच्याबी घरची. मंग त्यायची चूल कशी पेटली?"

साहेब आमच्यातलेच होते, त्यांना हा रिवाज फोड करून सांगावा लागला नाही. ते जाऊबाईंकडे वळले. "तुमची चूल सुतकात पेटत होती?"

सुतक मोडल्याचा आळ, तोही गावासमोर! जाऊबाईंना तो सोसवला नाही.

"पेटनारच साहेब. आमी काई इटाळ नाई केला. येगळ्या घराची चूल काऊन इझवा लागते?"

पुंजाजी बायकोवर ओरडले, पण तोवर बोलून झालं होतं.

"लिहा," साहेब पटवाऱ्याला म्हणाले, "भाऊ विभक्त. वारस पत्नी, रुखमाबाई."

माणसं पांगली. जाऊबाईंनी माझ्यासमोरचं ताट उचललं आणि घेऊन गेल्या. शेत राहिलं, तरी मला आनंद झाला नाही. माझ्या माणसाला धड सुतकही मिळू नये, याचंच वाईट वाटलं.

संध्याकाळी ताट आलं नाही. आशा दोनदा दारापर्यंत जाऊन पाहून आली. तेरवी अजून व्हायची होती. मी गोवऱ्या रचल्या आणि चूल पेटवली.