केळं लावून पारखलेला टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे आणि आयुष्यात मी कोणालाही खोटा शब्द ऐकवलेला नाही. मित्रांनो, या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पण खरं कारण असं की दुकानात माझा आवाज पहिल्या दिवसापासून बंदच ठेवलेला होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझे भाऊबंद खोक्यांत बसून लोकांच्या घरी पोचले. मला मात्र विरारला, चंदनसारच्या एका दुकानात नमुना म्हणून भिंतीवर टांगलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लोक "काय क्लिअर आहे!" म्हणायचे आणि माझ्यासारखाच दुसरा, खोक्यातला, घेऊन जायचे. दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर दिवसभर एकच चित्रफीत फिरत असे. पोपट उडायचा, कलिंगड फुटायचं, हिरव्या केळ्यांच्या फणीवर पाण्याचे थेंब पडायचे. पोपट थकला नाही. माझ्या आतला दिवा थकला. रंग विटले. मग मला नवं काम मिळालं. विक्रेता सुमेध गिऱ्हाइकाला आधी माझ्यासमोर उभं करून म्हणायचा, "हा बघा." मग शेजारच्या झगझगीत टीव्हीकडे वळवून, "आता हा बघा." गिऱ्हाईक शेजारचा घ्यायचं. दुकानाच्या भरभराटीत माझाही वाटा आहे, पण तो कोणी बोलून दाखवला नाही.

एका शनिवारी गिरीजचं एक कुटुंब आलं. केळी-नारळाची वाडी करणारे गंगाराम, काठी टेकत चालणाऱ्या त्यांच्या बायको द्वारकाबाई, आणि नोकरी करणारा मुलगा स्वरूप. द्वारकाबाई वाडीतल्या पाटात घसरल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाडीत पाऊल टाकायला बंदी केली होती. अडचण अशी, की कुठला लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, कधी उतरवायचा हे लग्न होऊन आल्यापासून त्याच ठरवत. त्या खाटेवर पडल्यावर बापलेकांनी स्वतःच्या अकलेने माल उतरवला, तो व्यापाऱ्याने कोवळा म्हणून परत धाडला. तेव्हा स्वरूपने युक्ती काढली. वाडीत कॅमेरा बसवायचा, घरच्या टीव्हीवर वाडी दिसेल, आई खाटेवरून हुकूम देईल. कॅमेरा आणून झाला होता, तो रविवारी बसणार होता. आता टीव्ही हवा होता, आणि कॅमेऱ्यानंतर उरलेल्या पैशांतच हवा होता.

"आई, पंचावन्न इंची घेऊ. भिंत भरून जाईल," स्वरूप म्हणाला.

"खाटेवरून हात लांब केला की भिंत लागते आपली," गंगाराम म्हणाले. "एवढा मोठा लावलास तर हिला या टोकाचं त्या टोकाला बघताना मान फिरवावी लागेल."

"फिरवीन. मान माझी आहे. तुम्ही पाकीट सांभाळा."

सुमेध पुढे झाला. "मावशी, हा बघा. कलर एकदम जिवंत!"

द्वारकाबाईंनी पिशवीत हात घातला आणि एक हिरवं केळं बाहेर काढलं. मित्रांनो, मला जबर धक्का बसला. इतकी वर्षं मी केळी दाखवत होतो, पण खरं केळं कधी पाहिलं नव्हतं. ते इतकं साधं असेल अशी कल्पना नव्हती.

त्यांनी ते शेजारच्या झगझगीत पडद्यावरच्या केळ्यांना लावून धरलं.

"असला हिरवा लोंगर माझ्या वाडीत निघाला तर मी आधी त्याची दृष्ट काढीन," त्या म्हणाल्या. "यात मला कोवळा कुठला आणि तयार कुठला, काय कळणार? सगळेच नवरदेव."

"मावशी, घरी गेल्यावर रंग कमी करता येतात. रिमोटवर आहे."

"मग इथे का नाही केलेस?"

सुमेधने इकडेतिकडे पाहिलं. "कमी केले की कोणी घेत नाही, मावशी."

हे ऐकून मी सुन्न झालो. शेजारच्याच्या ज्या रूपासमोर मी इतकी वर्षं मान खाली घातली, तो नुसता मेकअप होता!

द्वारकाबाई केळं घेऊन एकेका टीव्हीपुढे थांबत निघाल्या. एका गिऱ्हाइकाने सुमेधला हळूच विचारलं, "टीव्हीवर केळी फ्री आहेत का?" शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. माझं केळं आणि त्यांचं केळं एकाच झाडाचं वाटत होतं.

"हा द्या."

"मावशी, हा विकायला नाही. हा कामणच्या गोदामात चाललाय. तिथून भंगारात."

"भंगारात?" गंगारामांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती त्या दुकानातल्या एकाही पडद्यावर नव्हती. "मग भावसुद्धा भंगाराचाच लावा."

अशा रीतीने विटलेल्या रंगांमुळे माझा जीव वाचला. रविवारी मी गिरीजला, द्वारकाबाईंच्या खाटेसमोर भिंतीवर होतो. वाडीत कॅमेरा बसला. द्वारकाबाईंनी चष्मा पुसला. स्वरूपने मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि माझ्यावर वाडी आली. केळी करडी, नारळ करडे, पाट करडा, आणि मधे उभे असलेले गंगारामही करडे.

स्वरूपची हाक ऐकून ते धावत घरात आले आणि त्यांनी माझ्या डोक्यात दोन चापट्या मारल्या. "भंगार म्हणाला होता तो! आपणच ऐकलं नाही."

"टीव्हीला कशाला मारता?" द्वारकाबाई म्हणाल्या. "खुर्ची आणा. मला उचलून बांधापर्यंत न्या. पाऊल टाकायचं नाही म्हणालेत डॉक्टर, बसायचं नाही असं कुठे म्हणालेत?"

"चार माणसं लागतील."

"चार शोधा."

चार माणसं मिळाली. बांधावरच्या खुर्चीतून हुकूम सुटू लागले, ते मला खिडकीतून ऐकू येत होते. व्यापाऱ्याने या वेळचा माल मुकाट्याने उचलला.

मित्रांनो, टीव्ही घेताना दुकानातल्या झगमगाटाला भुलू नका. खाट आणि भिंत यांतलं अंतर मोजा. रोज बघता ती एखादी वस्तू सोबत न्या आणि पडद्याला लावून बघा. जुन्या टीव्हीला मारू तर अजिबात नका. मी आजही रंगीत आहे.

वाडीतल्या दाट सावलीमुळे कॅमेऱ्याला दिवसाही रात्र वाटते, आणि रात्री तो काळं-पांढरंच दाखवतो.