निळ्या फुलाचा कोरा रोल

मित्रांनो, आधी जरा फुंकर मारा माझ्यावर. हां, आता दिसलो! मी रोल घालायचा जुना कॅमेरा. वय विचारू नका. माझी चामड्याची पेटीसुद्धा दोनदा शिवून झाली, एवढं सांगतो.

कारखान्यात माझी भिंगं घासली गेली, स्क्रू पिळले गेले आणि मी ताईंच्या हाती आलो. ताई बियाण्यांच्या कचेरीत कामाला होत्या. कोणत्या पिकात कोणतं तण उगवतं, याचं पुस्तक त्या तयार करत होत्या. इतर कॅमेऱ्यांपुढे माणसं नटूनथटून बसतात म्हणे. माझ्यापुढे उभी राहायची ती गव्हातली रानफुलं, तीही डुलत! ताई गुडघे टेकून वारा पडायची वाट बघायच्या. फोटो पाहून साहेब "वा!" म्हणाले, की मी पेटीतल्या पेटीत फुगायचो.

शेत ताईंच्या धाकट्या भावाचं. लहानपणी सारखा मातीत लोळायचा, म्हणून ताई त्याला ढेकळ्या म्हणत. त्याला फुलांचं कौतुक शून्य. "तण ते तण! गव्हाच्या तोंडचा घास पळवतं," म्हणायचा. म्हणून बहीणभावाचं ठरलेलं होतं: आधी फोटो, मग खुरपं. ताई "झालं" म्हणाल्या, की ढेकळ्या फूल मुळासकट उपटायचा.

एका वर्षी गव्हात एक निळं फूल दिसलं. एकच. ताई हरखल्या. "अरे, आईनं हे माझ्या केसांत खोवलं होतं! मला वाटलं, नाहीसंच झालं." पुस्तकात तेवढीच एक जागा रिकामी होती. त्यांनी घाईघाईत नवा रोल घातला आणि खट् खट् करत छत्तीस फोटो काढले.

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं होतं. रोलचं टोक चाकात अडकलंच नव्हतं! रोल पुढे सरकला की माझ्या डोक्यावरची चकती फिरते. ती जागची हलत नव्हती, पण ताईंची नजर फुलावरून हटेल तर ना! ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला खट्‌शिवाय दुसरा शब्द येतो कुठे?

"झालं," ताई म्हणाल्या. ढेकळ्याने फूल उपटलं.

स्टुडिओवाल्या काकांनी रोल धुऊन समोर ठेवला. कोरा करकरीत. ताईंनी तो उजेडाकडे धरून टोकापर्यंत पाहिला. "माझ्या एका शब्दानं गेलं रे ते," असं भावाला म्हणाल्या, डोळे पुसले आणि मला कपाटात ठेवून दिलं. पुस्तक त्या फुलाविनाच छापलं गेलं. तीन वर्षं मी डांबरगोळ्यांच्या वासात बसलो. भिंगाच्या कडेला बुरशी धरली.

ढेकळ्या मात्र स्वस्थ बसला नव्हता. फूल उपटलं तिथली चार हात जागा तो खुरपायचाच नाही, हे मला मागाहून कळलं. शेजारी हसायचा, "काय रे, तण पिकवतोस होय?" हा म्हणायचा, "पिकवतो! तुझं काय जातं?"

चौथ्या वर्षी एका सकाळी तो चिखलाच्या पायांनी थेट घरात शिरला. "ताई, चल! तुझं ते डबडं घे आधी!"

डबडं! पण त्या दिवशी तेही गोड लागलं.

त्याच चार हात जागेत निळं फूल पुन्हा उमललं होतं. रोल घातला, झाकण लावलं, चकतीकडे बघितलं. फिरली. पुन्हा बघितलं. फिरली! वारा काही पडेना, तेव्हा ढेकळ्या सदरा काढून फुलाआड धरून उभा राहिला. एवढा रांगडा गडी, पण श्वाससुद्धा घेईना. खट्.

"झालं," ताई हळूच म्हणाल्या. ढेकळ्याने खुरपं कमरेला खोचलं.

"उपटत नाहीस?"

"फोटो धुऊन येऊ दे आधी."

फोटो आला, आणि छान आला. कोपऱ्यात सदऱ्याची बाही आली आहे, ती ताईंनी कापू दिली नाही.

आता दोघंही म्हातारी झाली आहेत आणि मी वर्षभर कपाटात असतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद पडून असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, पुसा. आणि खट् वाजलं म्हणजे फोटो निघाला, असं समजू नका. चकती फिरली का बघा, मगच "झालं" म्हणा.

गहू ओंबीवर आला की मात्र ताई मला हटकून शेतावर नेतात. "काय रे ढेकळ्या, आता उपटायचं का?" असं दर वर्षी विचारतात. आणि तो गुडघाभर निळ्या फुलांत उभा राहून म्हणतो, "थांब गं ताई, आणखी एक काढून ठेव."